भोगावतीच्या काठाने वर, फोंडा घाटाने खाली

प्रश्न थोडक्यात असा. परळला राहणाऱ्या एका ताईंना चौदा वर्षांच्या लेकीबरोबर तीन-चार दिवस सायकलने हिंडायचंय. जंगल हवं, डोंगर हवेत, शक्यतो नदी सोबतीला हवी. घरी गाडी नाही आणि भाड्यानेही घ्यायची नाही. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, सायकली गाडीच्या मागे लावा, महाबळेश्वरला न्या आणि तिथे चालवा. गाडीशिवाय हे जमतं का, आणि जमत असेल तर पहिल्यांदा कुठे जावं, हे त्यांना हवंय. दोघींच्या सायकली गिअरच्या आहेत, चाळीस-पन्नास किलोमीटर सलग चालवायची सवय आहे, पण घाट कधी केलेला नाही.

ताई, जमतं. मी चोवीस वर्षं सह्याद्रीत सायकलने हिंडतोय आणि त्यातल्या बहुतेक वाऱ्या रेल्वेने जाऊन, रेल्वेने परत येऊन केल्या आहेत. माझं तर म्हणणं असं की तुम्हाला जे हवंय त्याला गाडी अडचणच होईल. गाडी कुठेतरी उभी करावी लागते आणि जिथे उभी केली तिथेच परत यावं लागतं. म्हणजे उतरलेला घाट पुन्हा चढायचा, नाहीतर माथ्यावरच घिरट्या घालायच्या. सह्याद्री तर एका अंगाने चढून दुसऱ्या अंगाने उतरून जाण्याजोगा आहे. तसा तो गाडी नसलेल्यालाच ओलांडता येतो, कारण त्याला मागे वळून काही आणायचं नसतं.

नकाशावर आधी नदी शोधा, रस्ता मागाहून. पश्चिमेला सह्याद्री कड्यासारखा तुटलाय, पण देशाकडून त्याचं पठार पूर्वेला कललेलं आहे. त्यामुळे देशावरच्या नद्या लांब, संथ आणि त्यांची खोरी रुंद. अशा नदीच्या काठाने उगमाच्या दिशेला निघालात तर दिवसभर तुम्ही चढत असता आणि पायांना ते फारसं कळतही नाही. शेवटी थोडा खरा चढ लागतो, घाटमाथा येतो आणि पलीकडे कोकण. सगळी उंची एका घाटात उतरून जाते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, कणकवली जवळजवळ समुद्राच्या पातळीला. दोन्हीकडे रेल्वे आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, त्याआधी ही वाट संपली की एसटीच्या टपावर सायकल बांधून परत यावं लागायचं, आणि टपावर सायकल चढवून द्यायला कोण तयार होईल हे त्या दिवसाच्या नशिबावर असायचं. आता तो प्रश्न उरला नाही.

तर माझं उत्तर: कोल्हापूरहून भोगावती नदीच्या खोऱ्याने राधानगरी, तिथून दाजीपूर, फोंडा घाट उतरून कणकवली. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास होतं. नेहमी चालवणारा माणूस दोन दिवसांत करेल. तुम्ही तीन दिवस घ्या आणि चौथा हाताशी मोकळा ठेवा.

दुसऱ्या वाटा आहेत. कुंभी नदीच्या खोऱ्याने कळे, साळवण, असळज करत गगनबावड्याला जाता येतं आणि करूळ किंवा भुईबावडा घाटाने खाली. खोरं देखणं आहे, पण आता तो राष्ट्रीय महामार्ग आहे आणि रुंद रस्त्यावर गाड्या वेगात असतात. चौदा वर्षांच्या मुलीला पहिल्या खेपेला मी तिथे नेणार नाही. आंबोलीचं जंगल दाट, पण सुट्टीच्या दिवशी त्या घाटात माणसांची आणि गाड्यांची इतकी गर्दी असते की सायकलवाल्याला बाजू मिळत नाही. तो घाट आडवारी करायचा. भोगावतीचा रस्ताही मोटारींपासून मुक्त नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. आपल्याकडे गावोगाव फक्त सायकलींसाठी असे रस्ते नाहीत. पण या खोऱ्यात एक सोय आहे, जी मला दुसरीकडे इतकी सलग मिळाली नाही. तिच्यासाठीच मी लोकांना आधी इथे पाठवतो.

ती सोय म्हणजे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे.

नदीच्या पात्रात दगडी किंवा काँक्रीटचे खांब ठरावीक अंतराने उभे असतात. खांबांना खाचा असतात, त्या खाचांत पावसाळा संपला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवतात आणि पाणी अडवतात. जुन्या पद्धतीत लाकडी बरग्यांच्या दोन ओळी आणि मध्ये माती ठासलेली, आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे आहेत. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढून टाकतात, पूर मोकळा वाहून जातो. या खांबांच्या माथ्यावर एक अरुंद पट्टी असते, एखादी बैलगाडी किंवा दुचाकी जाईल एवढी. गावकरी त्यावरून शेतात ये-जा करतात. भोगावतीवर हळदी, राशिवडे, शिरगाव, तारळे असे बंधारे ओळीने आहेत. मुख्य रस्ता नदीच्या एका अंगाला, पलीकडच्या अंगाला गावं जोडणारे लहान रस्ते. एका बंधाऱ्यावरून पलीकडे जायचं, दोन-तीन गावं करत पुढे सरकायचं, मन झालं की पुढच्या बंधाऱ्यावरून परत अलीकडे यायचं. चारचाकीवाला सहसा या फंदात पडत नाही. म्हणून पहिल्या दिवसाचा निम्मा वेळ तरी तुम्हाला फक्त दुचाक्या, म्हशी आणि शाळेला चाललेली पोरं भेटतील.

बंधाऱ्यावर मात्र सायकलवर बसायचं नाही. पट्टीला कठडा नसतो, किंवा होता तो पुरात गेलेला असतो. वरच्या अंगाला पाणी काठोकाठ, हिरवट, हलत नसल्यासारखं, आणि खालच्या अंगाला तीन पुरुष खोल खडक, बरग्यांच्या फटींतून फुटणारं पाणी. एक हात हँडलवर, एक सीटवर, सायकल पाण्याच्या बाजूला आणि आपण मधल्या बाजूला, असं चालत जायचं. समोरून कोणी येत असेल तर टोकाला थांबून त्याला आधी येऊ द्यायचं. डिसेंबरच्या सकाळी साडेसात-आठला त्या पट्टीवर उभं राहिलात तर वरच्या पाण्यावर वाफ तरंगताना दिसते, काठावर कपडे आपटल्याचा आवाज आधी कानावर येतो आणि आपटणारी बाई वाफेतून नंतर दिसते. लेकीला तिथे पाच मिनिटं उभी करा.

हे सगळं हिवाळ्यातच. पावसाळ्यात हेच बंधारे पाण्याखाली जातात, आणि पाणी पट्टीवर वीतभर जरी असलं तरी पाऊल टाकायचं नाही, गावकरी जात असले तरी नाही. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी ते जानेवारी अखेर हा काळ मी धरतो. थंडी, भरलेली नदी, कापलेली भातशेतं. फेब्रुवारीच्या अखेरीपासून घाट उतरल्यावरचं ऊन सोसवत नाही.

या काळाची एक खोट आहे, ती समजून घ्या. उसाचा हंगाम. परित्याजवळ भोगावती साखर कारखाना आहे. त्याच्या आसपास उसाने भरलेले ट्रॅक्टर एकामागे दोन ट्रॉल्या जोडून चाललेले असतात. ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना हात-हातभर बाहेर आलेला असतो आणि ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, ऐकूही येत नाही, कारण बहुतेकांनी गाणी लावलेली असतात. ट्रॅक्टरला ओलांडताना पहिली ट्रॉली संपली म्हणून डावीकडे यायचं नाही, मागे दुसरी असते. तो आपल्याला ओलांडत असेल तर सरळ रस्ता सोडून खाली उतरायचं आणि दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्यायच्या. रात्री किंवा संध्याकाळी या पट्ट्यात सायकल अजिबात नको. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, उभी ट्रॉली अंधारात दिसत नाही. कारखाना मागे पडला की ही वर्दळ कमी होत जाते.

आता रेल्वे. महालक्ष्मी एक्स्प्रेस रात्री सीएसएमटीहून निघते आणि सकाळी कोल्हापूरला पोचते. तुमच्यासाठी ही गाडी अशी सोयीची की दोन्ही टोकांना शेवटचं स्टेशन आहे. परळहून सीएसएमटी सायकलने सात-आठ किलोमीटर, संध्याकाळी पाचच्या आत पोचा. दोघींची तिकिटं कन्फर्म झाल्यावरच हा बेत पक्का करा. पार्सल ऑफिसला तिकीट दाखवून सायकली सामान म्हणून बुक करायच्या. वजन होतं, पावती मिळते, सायकल ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, जाते. पावती जपून ठेवा, कोल्हापूरला तीच दाखवून सायकल मिळते. सायकलवर नाव, फोन नंबर, पीएनआर आणि कुठून कुठे हे जाड पेनने पुठ्ठ्यावर लिहून दोन ठिकाणी बांधा. एक पुठ्ठा फाटतोच.

बुक करण्याआधी मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, काढा. पाच नंबरच्या अॅलन कीने एक बोल्ट सुटतो. डिरेलर चेनसकट फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधून टाका. ब्रेक व्हॅनमध्ये सायकलीवर गोणी पडतात आणि सगळ्यात आधी वाकतो तो डिरेलर धरणारा अॅल्युमिनियमचा कान. तो वाकला की गिअर नीट पडत नाहीत आणि घाटात ऐन वेळी चेन स्पोकमध्ये जाते. फ्रेमला गुंडाळायला जुनी सुती साडी फाडून पट्ट्या करा. फोमपेक्षा बऱ्या, आणि पुढे चार दिवस पुसायला, बांधायला, डोक्याला गुंडाळायला उपयोगी पडतात.

मधल्या लहान स्टेशनवर उतरायचं असेल तर मात्र सायकल ब्रेक व्हॅनमध्ये देऊ नका. माझी एकदा तशी गेली होती. गाडी दोन मिनिटं थांबली, मी फलाटावर पळत टोकाला पोचेपर्यंत दार उघडलंच नाही आणि सायकल पुढे निघून गेली. दोन दिवसांनी हातात आली, तोवर रजा संपली होती. लहान स्टेशन असेल तर चाकं काढून, पिशवीत घालून, आपल्याच डब्यात न्यायची. परतीला तुम्हाला हेच करायचंय, त्याबद्दल शेवटी सांगतो.

कोल्हापूरला उतरल्यावर घाई करू नका. स्टेशनाबाहेर सायकली जोडा, गिअर पडतात का बघा, पोटभर खा. नऊ-साडेनऊला निघालात तरी राधानगरी पंचावन्न किलोमीटरच्या आत आहे. रंकाळ्यावरून पुईखडीकडे एक चढ लागतो, अंग थंड असताना तो दमवतो. लेक तिथे नाराज झाली तर तिला सांगा की आज एवढाच. पुढे हळदीपासून नदी सोबतीला येते.

वाटेत गुऱ्हाळ दिसलं तर थांबा. दिसायच्या आधी वास येतो, धूर आणि गोडवा एकत्र. काहिलीत रस उकळत असतो, खाली चुलवाणात एकजण चिपाडं सारत असतो. रसात रानभेंडीचा चिकट रस घातला की मळी फेसाबरोबर वर येते, ती झाऱ्याने काढून टाकतात. पाक घट्ट होत आला की गुळव्या त्यातला थोडा थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो. तेवढा वेळ सगळे गप्प असतात, कारण मिनिटाभराने चुकलं तर गूळ हातचा जातो. मग एकदम हालचाल, काहील वाफ्यात उपडी होते. मागितलीत तर कागदावर गरम गूळ किंवा पेलाभर काकवी कोणीही देतं. वीस किलोमीटर चालवून आलेल्याला याहून चांगलं खाणं मला माहीत नाही. पाणी प्या वरून, नाहीतर घशाशी येतं.

मुक्काम राधानगरीत करा, लॉज आहेत, दोन दिवस आधी फोन करून ठेवा. गावाच्या वर भोगावतीवर शाहू महाराजांचं धरण आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका संस्थानाच्या राजाने ते सुरू केलं, पुरं व्हायला पुढे काही दशकं लागली. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीवर गेलं की माणसाने हात न लावता आपले आपण उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. हिवाळ्यात ते मिटलेलेच दिसतील. पण ज्या नदीच्या काठाने तुम्ही दिवसभर आलात ती पावसाळ्यानंतरही वाहती का आहे, बंधाऱ्यांमागे पाणी का आहे, हे धरणाखाली उभं राहिल्यावर एका नजरेत कळतं. वरून सोडलेलं पाणी, खाली अडवलेलं पाणी, मध्ये सगळी हिरवी शेतं.

दुसरा दिवस राधानगरी ते दाजीपूर, अंतर तीस किलोमीटरच्या आत. अंतर कमी म्हणून हलकं समजू नका, खरा चढ या दिवशी आहे. रस्ता जलाशयाच्या कडेने वळणं घेत जातो, चढतो, थोडा उतरतो, पुन्हा चढतो. उन्हाच्या आधी, सातला निघा. सगळ्यात हलका गिअर लवकर टाका. चढ सुरू झाल्यावर दमून टाकलेला गिअर कुरकुरत पडतो आणि चेन ताणली जाते. चढाला लेक पुढे, तुम्ही मागे. तिचा वेग तोच तुमचा वेग. ती उतरून ढकलू लागली तर तुम्हीही उतरा. चढावर सायकल ढकलण्यात कमीपणा नाही, मी आजही ढकलतो, आणि जंगल तर ढकलतानाच नीट दिसतं. खायला-प्यायला राधानगरीतूनच भरून घ्या. पुढे टपऱ्या आहेत, पण उघड्या असतील असा भरवसा धरू नका. मोबाइलची रेंजही मध्येमध्ये जाते, म्हणून घरच्यांना सकाळीच सांगून ठेवा.

हे राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र आहे. १९५८ साली गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य म्हणून याची सुरुवात झाली आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत राधानगरीचं नाव आलं. मुख्य रस्ता सगळ्यांना खुला आहे. आतल्या कच्च्या वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही.

गव्याबद्दल नीट वाचा, कारण सायकलवाल्याला धोका वेगळा असतो. मोटार लांबून ऐकू येते, गवा आधीच बाजूला होतो. सायकल ऐकू येत नाही. वळणावरून उतारावर तुम्ही एकदम त्याच्या पुढ्यात आलात तर तो दचकतो आणि दचकलेलं टनभर वजनाचं जनावर कुठे धावेल सांगता येत नाही. म्हणून आंधळ्या वळणाआधी घंटी वाजवायची, किंवा दोघींनी सरळ मोठ्याने बोलत जायचं. मला पहिला गवा दिसला तो ओलवणच्या अलीकडे, सकाळी सव्वासातला. रस्त्याच्या कडेला काळा खडक आहे असं वाटून मी पुढे जात राहिलो, आणि त्या खडकाने मान वळवली. गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. मी जागच्या जागी उतरून सायकल मधे आडवी धरली आणि मागे मागे सरकलो. तो पाहत राहिला, नाकातून मोठा श्वास सोडला, मग रस्ता ओलांडून गेला. मी लगेच निघालो नाही, हे मला एका वनमजुराने आधी शिकवलं होतं म्हणून. त्याच्या मागून एक-एक करत आणखी चार गेले, दोघी माद्या, दोन वासरं. कळपातला एक गेला म्हणजे सगळे गेले असं नसतं. दहा मिनिटं थांबा. मादी आणि वासरू यांच्या मधे कधीही जाऊ नका, आणि फोटोसाठी जवळ तर नाहीच. सकाळी उजाडायच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर या पट्ट्यात रस्त्यावर असायचं नाही.

दाजीपूर-ओलवणच्या आसपास राहायची सोय होते, तीही आधी ठरवून जा. आयत्या वेळी खोली नसेल तर पुढे अंधारात घाट उरतो आणि तो करायचा नाही. दुपारी पोचलात तर झोपा. संध्याकाळी खोलीच्या ओसरीवर बसून जंगल ऐका, बाहेर पडू नका.

तिसऱ्या दिवशी घाट. उतारच आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण माझ्या अनुभवात घाट चढताना माणूस दमतो आणि उतरताना पडतो. धुकं असेल तर ते उठेपर्यंत, नऊ वाजले तरी, थांबा. पुढचा आणि मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. निघण्याआधी ब्रेकच्या गुटक्या बघा. त्यावर खाचा असतात, खाच बुजत आली असेल तर गुटका बदला, घाटाच्या पायथ्याशी बघू म्हणू नका. मी तसं एकदा म्हटलं होतं. ओला रस्ता, मागे पंधरा किलो सामान, आणि भीतीने मी ब्रेक सोडलेच नाहीत, एकसारखे दाबून धरले. अर्ध्या घाटात मागून करवतीसारखा आवाज येऊ लागला. थांबून रिमला हात लावला तर बोटाला फोड आला. गुटक्याचं रबर संपून आतलं लोखंड रिम खात होतं. उरलेला घाट चालत उतरलो. खाली फोंड्यात सायकल दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रिमवर नख फिरवून खाच दाखवली आणि विचारलं, ‘धरून ठेवलंस की धर-सोड केलीस?’ तेवढा एक प्रश्न मला पुरला.

धर-सोड करायची. सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक जोराने, दोन-तीन सेकंद, वेग पुरेसा कमी होईपर्यंत, मग पूर्ण सोडायचे म्हणजे रिमला वारा लागतो. वळणाच्या आधी वेग मारायचा, वळणात ब्रेक दाबायचा नाही. वळताना आतल्या बाजूचं पेडल वर. डिस्क ब्रेक असतील तरी रीत हीच, फक्त थांबल्यावर डिस्कला हात लावू नका. दर दोन किलोमीटरवर कठड्याशी थांबायचं, तहान नसली तरी. बोटं मोकळी करायची, पाणी प्यायचं, रिम बघायची. उतारावर क्रम उलटा, तुम्ही पुढे आणि लेक मागे, निदान चार-पाच सायकलींचं अंतर सोडून. तुमच्या पुढे जायचं नाही एवढं तिला एकदा बजावलंत की तिचा वेग आपोआप तुमच्या हातात राहतो. ट्रक वर येत असेल तर वळणावर तो आपली बाजू सोडून येतो, त्याला दुसरा इलाज नसतो. हॉर्न ऐकला की डावीकडे थांबा.

माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, एक गोष्ट लेकीला दाखवा. रस्त्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस भोगावतीत, तिथून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि पुढे आंध्रातून बंगालच्या उपसागरात जातो. काही पावलं पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणातल्या आखूड नद्यांतून अरबी समुद्राला मिळतो. भूगोलाच्या पुस्तकात ‘जलविभाजक’ हा शब्द तिने वाचलेला असेलच. सायकलने आलेल्या मुलीला त्यातल्या एका बाजूचा उतार पायांनी माहीत झालेला असतो, दुसऱ्या बाजूचा पुढच्या तासाभरात होतो.

घाट उतरता उतरता हवा बदलते. वर कोरडी, खाली दमट, मानेवर घाम चिकटतो, काजू-आंब्याच्या बागा सुरू होतात, मातीचा रंग काळपटाचा तांबडा होतो. वर लोक ‘कुठं निघालासा?’ विचारत होते, इथे ‘खंय चललात?’ असं येतं. भाकरी ज्वारीची जाऊन तांदळाची झालेली असते. फोंड्याला थांबून जेवा. पुढे कणकवली वीसेक किलोमीटर, लहान चढउतारांचा रस्ता. दुपारच्या उन्हात तो मोठा वाटतो, म्हणून तीननंतर निघालात तरी चालेल. कणकवलीत गड नदी लागते. रात्र तिथेच काढा.

चौथा दिवस मोकळा ठेवा म्हटलं तो यासाठी की पंक्चर, धुकं, ताप, मुलीची पाळी, काहीही होऊ शकतं, आणि परतीची गाडी आजच आहे या धाकात माणूस घाटात चुका करतो. काही झालं नाही तर दिवसभर नदीकाठी बसा.

सामान कमीच घ्या. सगळं मिळून तुमच्याकडे आठ किलोच्या वर नको, मुलीकडे तीन. पाठीवर पिशवी नको, सगळं कॅरिअरवर. टायर पस्तीस मिलिमीटर किंवा जाड. दोघींच्या मापाच्या दोन-दोन जादा ट्यूब. शेतातल्या वाटांवर सराटे असतात, पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, तोच काटा तिलाही खातो. ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर त्यावर बसणारं पितळी टोपण न्या, गावातल्या पंपांचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं. बाकी पान्यांत पंधरा नंबरचा चपटा पाना विसरू नका, पेडलसाठी तोच लागतो.

तो परतीला लागेल. सावंतवाडीहून दादरला जाणारी तुतारी एक्स्प्रेस संध्याकाळनंतर कणकवलीला येते. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तुमच्या तारखांना लागू असलेलं बघून घ्या. गाडी थांबते थोडा वेळ, म्हणून सायकली डब्यातच न्यायच्या. दोन तास आधी स्टेशनला जा आणि फलाटाच्या टोकाला, वाट सोडून, पसारा मांडा. दोन्ही चाकं काढा, हँडल सैल करून फ्रेमला समांतर वळवा, डिरेलर काढून बांधा, पेडलं काढा. उजवं पेडल नेहमीसारखं सुटतं, डाव्याला उलटे आटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचं. जोर लावूनही सुटत नसेल तर जोर वाढवण्याआधी दिशा तपासा. चाकं फ्रेमच्या दोन्ही बाजूंना, मध्ये साडीच्या पट्ट्या, सगळं एका मोठ्या कापडी पिशवीत. घरी निघण्याआधी हे दोनदा करून बघा, एकदा मुलीला एकटीला करू द्या. दोन पिशव्या आणि दोन माणसं असली की डब्यात चढताना एकीने वर चढायचं, दुसरीने खालून द्यायचं, हेही ठरवून ठेवा. पिशव्या दारात किंवा वाटेत ठेवू नका. खालचे बर्थ मिळाले तर चाकं सोडवून वेगळी आत सरकवता येतात.

तुतारी सकाळी दादरला पोचते. टॅक्सी शोधू नका. फलाटाबाहेर सायकली जोडा, अर्धा-पाऊण तास लागेल, परळ तिथून दोन-अडीच किलोमीटरच आहे.